'मोफसिल'चे पंचनामे

शाळेची छोटी सुट्टी अकरा वाजून दहा मिनिटांनी व्हायची, आणि सुदामचा फोन यायचा तो त्याच वेळी. हॅलो वगैरे काही नाही. मी फोन उचलून एवढंच म्हणायचो, "बोल, कुठं सापडला?" आणि त्याचा पट्टा सुरू व्हायचा. दीड महिन्यापूर्वी एका मंगळवारी नेमक्या त्याच वेळी त्याचं नाव मोबाईलवर दिसलं. मी वर्गाबाहेर आलो आणि सवयीनं म्हटलं, "बोल, कुठं सापडला?" पलीकडं मंदावहिनी होत्या, त्याची बायको. "बांधावर सापडले, भावजी," त्या म्हणाल्या. "सकाळच्याला मोटार चालू कराया गेल्ते. बसल्यासारखेच हुते... सर गेले आपले."

सुदाम खोडदे हा पारनेर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवायचा. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मी त्याचा कॉलेजपासूनचा मित्र, पुण्यात इंग्रजीचाच प्राध्यापक. आणि सापडायचा तो एक शब्द. इंग्रजीतलं एक विशेषण, मोफसिल. म्हणायला इंग्रजी, पण लंडनमध्ये तो कुणी बोलत नाही. तो आपल्याकडचाच, हिंदुस्थानी इंग्रजीतला. मूळचा मुफस्सल, म्हणजे वेगवेगळं केलेलं, तपशीलवार. तो फारसी दप्तरांतून कंपनीच्या कचेऱ्यांत शिरला, साहेबाच्या जिभेवर वळला, आणि मुंबई, मद्रास, कलकत्ता ही मोठी शहरं सोडून उरलेला सगळा मुलूख त्याच्या पोटात गेला. मोफसिल कोर्ट, मोफसिल कॉलेज, मोफसिल माणूस. दक्षिणेत आजही बाहेरगावच्या गाड्यांच्या स्टँडला हा शब्द लावतात. हे कळलं त्या दिवशी सुदामनं मला तीनदा फोन केला होता. तिकडच्या एका चौकशी खिडकीवर फोन लावून त्यानं विचारलं होतं, "साहेब, या शब्दाचा तुम्हाला राग येतो का?" पलीकडचा माणूस म्हणाला, गाडी कुठली पाहिजे ते सांगा. "आव्या, राग न्हाईच आला त्याला. शब्द तिकडं सुखात हाय बघ," सुदाम म्हणाला, जणू सासरी दिलेल्या मुलीची खुशाली कळली होती.

हे वेड लागलं ते आम्ही नगरला एफवायला असताना. पुण्याच्या एका कॉलेजात इंग्रजी वादविवाद स्पर्धा होती, आम्हा दोघांना उत्तेजनार्थ मिळालं. परीक्षक बाई निकाल सांगताना कौतुकानं म्हणाल्या, 'सरप्राइझिंगली गुड, फॉर मोफसिल बॉइज.' सगळे हसले, चांगल्या मनानं हसले, कुचकट नाही. परतीच्या एसटीत सुदामनं विचारलं, "आव्या, मोफसिल म्हंजी काय रं?"

मी म्हटलं, "आपण."

"ते कळलं. पन अर्थ काय?"

आजही तो प्रश्न ऐकू येतो मला. कारण त्या एकाच वाक्यानं आमची दोघांची आयुष्यं दोन दिशांना गेली, असं मला आता वाटतं. सुदाम दुसऱ्या दिवशी लायब्ररी उघडायच्या आधी दारात जाऊन बसला, डिक्शनरीत एका ओळीचा अर्थ पाहून खवळला, आणि म्हणाला, "एवढा फिरलेला शब्द, अन् एक ओळ?" मी मात्र त्या दिवसापासून उच्चार सुधारायला लागलो. पुढं पुण्यात नोकरी लागली. कुणी गाव विचारलं की मी म्हणायचो, "आम्ही नगर रोडला." खोटं नव्हतं. माझा फ्लॅट पुण्यातल्या नगर रोडलाच होता.

सुदामच्या कामाची पद्धत सांगितल्याशिवाय तो कळायचा नाही. त्याचे वडील गावचे पोलीस पाटील. गंजी जळाली, विहिरीवरची मोटार चोरीला गेली, वीज पडून बैल मेला, की त्यांच्या ओट्यावर पंचनामा लिहिला जायचा. दोन पंचांनी सही केल्याशिवाय घडलेलं घडलं असं मानायचं नाही, हे त्या घरातलं वळण. सुदामनं तेच शब्दाला लावलं. कुणाच्या तोंडून मोफसिल ऐकला, की हा पिशवीतून छापील फॉर्म काढायचा: 'मौजे अमुक, तालुका अमुक, जिल्हा अहमदनगर. आम्ही खाली सही करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की...' पुढं वाक्य, कोण कुणाला म्हणालं, बोलताना चेहऱ्यावर काय भाव होता. त्याखाली बोलणाऱ्याचा जबाब, तुम्ही हा शब्द कोणत्या अर्थानं वापरला? आणि मग दोन पंचांच्या सह्या. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा उरलेल्या कोऱ्या फॉर्मांवर जुनं नाव खोडून 'अहिल्यानगर' लिहायला त्यानं दोन रविवार घातले. असे शे-दीडशे पंचनामे लाल रुमालात बांधलेले होते, आणि निम्म्यांवर पंच म्हणून मंदावहिनींची सही. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. "मला काय कळायचं हाय त्यात," त्या म्हणायच्या, "मानूस बोलला का न्हाई, तेवढं बघायचं. बोलला."

श्रीरामपूरची गोष्ट आठवली की अजून अंगावर शहारा येतो. तिथं एक म्हातारे वकील होते, बोलताना मोफसिल कोर्ट म्हणतात असं सुदामला कळलं होतं. मला सुट्टी होती, मीही गेलो. बार रूममध्ये तास-दीड तास आम्ही इकडचं तिकडचं बोलत बसलो, आपण होऊन शब्द सुचवायचा नाही हा सुदामचा दंडक. आणि वकीलसाहेब एकदम म्हणाले, "या मोफसिल कोर्टात काय आहे, की..." सुदामनं टेबलाखालून माझी मांडी अशी दाबली की दुसऱ्या दिवशी काळीनिळी झाली.

"साहेब, आपण आता मोफसिल म्हणालात."

"म्हणालो. मग?"

"कोणत्या अर्थानं?"

"अर्थ कसला अहो? हे काय, समोर दिसतंय ते." त्यांनी खिडकीतून आवाराकडं हात केला, जिथं पक्षकार झाडाखाली भाकरी सोडून बसले होते. फॉर्म पुढं केल्यावर चष्मा चढवून त्यांनी तो अक्षर न् अक्षर वाचला. "वेळ कुठंय? वेळ न टाकलेला पंचनामा मी पाच मिनिटांत उडवीन." सुदामनं जीभ चावली, वेळ टाकली. एक पंच मी, दुसरा तिथला चहावाला. परतताना एसटीत सुदाम जागेवर बसेना. "आव्या, त्या मानसाच्या तोंडात शब्दाला चवच नव्हती रं. नुसतं पानी. पन्नास वर्सं वापरला अन् कुनाला बोचला न्हाई, त्यालाबी न्हाई. हा अर्थ एकाबी डिक्शनरीत न्हाई, सांगून ठिवतो." मीही त्याच्याइतकाच पेटलो होतो. आम्ही दोघं पन्नाशीकडं झुकलेले प्राध्यापक-मास्तर, आणि आजूबाजूचे प्रवासी आम्हाला दारू चढली की काय म्हणून बघत होते. इतका आनंद मला पुण्याच्या एकाही चर्चासत्रात झालेला नाही.

खर्ड्याच्या किल्ल्यावर तर त्यानं कहर केला. शाळेची सहल घेऊन गेला होता. मुंबईच्या एक बाई दरवाजापाशी फोटो काढताना मैत्रिणीला म्हणाल्या, 'सो मोफसिल, नो?' सुदाम वर बुरुजावर. तिथून तो धापा टाकत खाली, मुलं मागं, बाई घाबरल्या, त्यांना वाटलं कुणीतरी पडलं. कळल्यावर त्या पायरीवर बसून हसत सुटल्या. जबाबात त्यांनी लिहिलं, 'छान, शांत, आणि इथं राहावं लागत नाही म्हणून आवडलं.' "बघ की, काय प्रामाणिक बाई हाय," सुदाम मला फोनवर सांगत होता. पुढं त्याच बाईंनी मुंबईच्या लायब्ररीतून जुन्या वर्तमानपत्रांच्या झेरॉक्स त्याला पाठवल्या. शब्दावरून माणूस जोडायचं त्याचं कसब असं.

त्यातून त्यानं व्याख्या बांधली. ती तो सारखा बदलायचा. शेवटची मला आठवते ती अशी: 'मोफसिल, विशेषण. जिथून मोठं शहर दिसतं, पण मोठ्या शहराला जे दिसत नाही, ते.' खाली वापराबद्दल टीप: 'स्वतःबद्दल केव्हाही वापरावा. दुसऱ्याबद्दल वापरण्याआधी एकदा त्याच्या घरी जेवून यावं.'

मी त्याच्या घरी कितीदा जेवलो असेन... आता ते लिहितो, ज्याच्यासाठी लिहायला बसलो.

आठ वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका संस्थेनं शाळेच्या शिक्षकांसाठी अभ्यासवृत्ती ठेवली. वर्षभराची रजा मंजूर, मुंबई-कलकत्त्याच्या लायब्ररींत बसायची सोय, शेवटी पुस्तक छापून देणार. निवड समितीवर आम्ही तिघे होतो. सुदामनं अर्ज केला. मी त्या समितीवर आहे हे त्याला माहीत नव्हतं, आमची नावं गुप्त असायची. नियम असा होता की अर्जदार ओळखीचा असेल तर तसं सांगायचं आणि त्या अर्जापुरतं खोलीबाहेर जाऊन बसायचं. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणावं लागलं असतं की हा माझ्याच तालुक्यातला, आम्ही एकाच एसटीनं कॉलेजला जायचो, पंचनाम्यांवर पंच म्हणून माझीही सही आहे. टेबलावर पंचनाम्यांचे नमुने फिरत होते आणि दुसरे सदस्य गालात हसत होते. ते हसू मी ओळखलं. परीक्षक बाईंच्या वेळचं तेच हसू, चांगल्या मनाचं. माझ्यावर येऊ नये म्हणून मी ते पुढं ढकललं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'सिन्सिअर वर्क, बट द अप्रोच इज मोफसिल.' इतर दोघांना वाक्य आवडलं. त्यांनी खाली 'सहमत' लिहिलं, आणि आम्ही जेवायला उठलो. दोन मिनिटं लागली असतील.

अर्ज नाकारल्याचं पत्र गेलं. सुदामनं संस्थेला लिहून शेऱ्याची प्रत मागवली. नाव-सह्या झाकून त्यांनी ती पाठवली. आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला.

"आव्या, सापडला. जिवंत. ऐक." त्यानं मला माझं वाक्य वाचून दाखवलं. एकेक शब्द सुटा करून, वर्गात वाचतो तसं. "काय रं, रेंज गेली का?"

"नाही. ऐकतोय." मग मी विचारलं, "तुला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. पयली धा मिन्टं बेक्कार वाटलं. मंदीला बोललोबी न्हाई. मंग म्हनलं, आरं, ह्ये तर आपल्याला मिळतच नव्हतं. साहेबानं हिनवलेलं मिळतंय, मेलेल्या पुस्तकात. पन आपल्यातल्यानं आपल्यातल्याला, आजच्या तारखेला, शाईनं? कुठं हाय?" तो इतका खूश होता की मागं शाळेतली पोरं ओरडत होती त्यांच्यावरही तो रागावेना. "अन् अजून एक सांगतो. ह्यो लिवनारा आपल्याच बाजूचा असनार. पुन्याच्या मानसाला ह्यो शब्द सुचतच न्हाई. एखादा शब्द ज्याच्या काळजात कवातरी रुतलेला असतो, त्योच उपसून दुसऱ्याला मारतो." मग म्हणाला, "आव्या, मला ह्यो मानूस पायजे."

"भांडायला?"

"छ्या. जबाब घ्यायला. जबाबाची जागा रिकामी पडली ना."

लोक विचारतील, त्याला कळलं होतं का? मला नाही वाटत. सुदामला जेवढा मी ओळखतो त्यावरून सांगतो, कळलं असतं तर त्यानं त्याच फोनवर मला वाक्य उलगडायला लावलं असतं. त्यानंतर वर्षातून दोन-तीनदा तो विचारायचा, "तुझ्या वळखीत त्या कमिटीवर कोन व्हतं का रं?" मी म्हणायचो, "विचारतो." मग काही दिवसांनी, "विचारलं, कुणी सांगत नाही." अशी आठ वर्षं. त्या वर्षांत मी त्याच्याबरोबर पूर्वीपेक्षा जास्त हिंडलो, जुन्या बाजारातून त्याला पुस्तकं आणून दिली, त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडलो शब्द सापडला की. भरपाई करत होतो म्हणा. पण पुस्तक झालं नाही. त्याला एक वर्ष मोकळं हवं होतं, आणि ते वर्ष माझ्या एका ओळीत गेलं. शाळा, शेत, पेपर तपासणी, यातून उरलेल्या रविवारांत पुस्तक होत नसतं.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी वहिनींनी बोलावलं म्हणून वस्तीवर गेलो. पुढच्या खोलीत त्याचं टेबल, त्यावर लाल रुमालातलं दप्तर. वहिनी खाली बसून वाटाणा सोलत होत्या. "ह्ये तुमी घिऊन जावा," त्या म्हणाल्या. "शाळंतली मानसं येऊन गेली, बोलत न्हाईत, पन कागदं बघितल्यावर नजर कळती. तुमच्याबिगार कोन पुस्तक करनार ह्याचं?"

दप्तर मला हवं होतं. इतकं हवं होतं, की गाडीत मागची सीट मी आधीच रिकामी करून आणली होती. त्याच्या नावानं पुस्तक करायचं, प्रस्तावनेत दोन अश्रू, आणि हिशेब मिटला, असं मनात धरून गेलो होतो. पण रुमालाच्या गाठीला हात लावला आणि जमेना. म्हटलं, "वहिनी, यात एक पंचनामा आहे, बोलणाऱ्याचं नाव नसलेला."

"हाय की. पुन्याचा. त्यावर मी पंच हाय."

"ते वाक्य माझं."

त्यांचे हात थांबले नाहीत. चार-पाच शेंगा सोलून झाल्यावर म्हणाल्या, "मी त्यांना विचारल्तं, त्याचा अर्थ काय. म्हनले, अडानी नव्हं, पन अडानीच्या शेजारचं." मग वर बघून, "म्हंजी तुमी म्हनला त्यांना अडानी."

"हो."

"अन् मंग आठ वर्सं आमच्यात जेवला."

"जेवलो."

"वांग्याचं भरीत मागून घ्यायचा."

रुमालाच्या गाठीवरचा हात मी काढून घेतला.

"सरांना कळलं असतं ना," त्या म्हणाल्या, "तर त्यांनी तुमाला ह्या खुर्चीत बसिवलं असतं, जबाब घेतला असता, अन् मला म्हनले असते, मंदे, च्या टाक." त्या उठल्या, पदराला हात पुसले. "मी मातर टाकनार न्हाई."

त्यांनीच गाठ सोडली, तो कागद काढला, पेन पुढं केलं. मी त्या खुर्चीत बसलो आणि जबाबाच्या जागेत लिहिलं: वाक्य माझं आहे. मी मूळ राहणार याच तालुक्यातला. अर्जदार माझा मित्र आहे हे मी लपवलं, कारण ते सांगताना मी कुठला तेही सांगावं लागलं असतं. शब्द चुकून गेला नाही, लागावा म्हणूनच वापरला. वहिनींनी ते मला दोनदा मोठ्यानं वाचायला लावलं. दुसऱ्या वेळी मी भरभर उरकायला लागलो, तर म्हणाल्या, "सावकास. पर सगळं वाचा." मग सही करायला घेतली. 'सौ.' लिहिलं, थांबल्या, त्यावर एक आडवी रेघ मारली, आणि पुढं पूर्ण नाव लिहिलं, मंदाकिनी सुदाम खोडदे.

मी विचारलं, "दुसरा पंच? शाळेतल्या कुणाला बोलवू?"

"तसा न्हाई चालायचा. त्यो तुमी आना. ज्याच्याम्होरं ह्ये वाचायची तुमाला खरी लाज वाटंल, असा. तवर दप्तर हितंच राहील. अपुरं दप्तर जागचं हालवायचं न्हाई, सर म्हनायचे."

रिकामी गाडी घेऊन परत आलो. तीन आठवडे पंच शोधला. समितीतले उरलेले दोघे आठवले. त्यांना सांगितलं तर ते म्हणतील, अहो, इतकं काय त्यात. विभागातले सहकारी समजूतदार आहेत, पाठीवर हात ठेवतील. ज्याला-ज्याला मनात उभं केलं तो मला सोडूनच द्यायला निघाला. मला खरी लाज कुणाची वाटते, हे शोधताना लक्षात आलं, की एकाची नाहीच. ज्यांना मी इतकी वर्षं 'नगर रोड' सांगत आलो, आणि ज्यांचं गाव ते माझंही हे लपवत आलो, त्या सगळ्यांची मिळून आहे. त्यातले बरेच जण पेपरची ही रविवारची पुरवणी वाचतात, म्हणून हे इथं छापायला दिलं.

काल वहिनींना फोन केला. म्हटलं, दुसरा पंच मिळतोय, रविवारी.

"कोन हाय?"

"पेपर वाचणारे."

"किती जनं?"

"मोजता येणार नाहीत, वहिनी."

मागं टेबल सरकवल्याचा आवाज आला, मग कागद उलटल्याचा.

"सह्यांना मागची बाजू कोरी हाय," त्या म्हणाल्या. "या घिऊन."